वॅटकाका

लोक कुणाच्या घरी गेले की आधी माणसांची चौकशी करतात. आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका आधी प्लगकडे बघतात. चहाचा कप हातात येईपर्यंत त्यांनी तुमचा सेट टॉप बॉक्स चाचपलेला असतो. "गरम आहे," ते म्हणतात, तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा अशा आवाजात. "रिमोटनं बंद केलात ना? तो बंद होत नाही हो. नुसता डोळे मिटून पडतो."

काका कंजूष नाहीत, हे आधीच सांगतो. सोसायटीच्या गणपतीला पहिली पावती त्यांचीच फाटते. कंजूष माणूस लाईट बिलाकडे बघतो, काका वॅटकडे बघतात. पैसे गेल्याचं त्यांना काही वाटत नाही. कुणी वापरत नसताना वीज गेली, तर मात्र नळ उघडा राहिल्यासारखे ते अस्वस्थ होतात.

या व्यथेचं मूळ हॉलच्या कोपऱ्यात आहे. निवृत्त झाल्यावर काकांनी गच्चीवर डीडी फ्री डिशची छत्री लावली, जुन्या कॉम्प्युटरमध्ये ट्यूनर कार्ड खोचलं आणि त्यावर मिथटीव्ही घातला. अमेरिकेतल्या आयझॅक रिचर्ड्स नावाच्या गृहस्थानं २००२ साली सुरू केलेला हा फुकट प्रोग्रॅम. कुठल्या चॅनेलवर किती वाजता काय, ते सांगून ठेवलं की मशीन आपलं आपण रेकॉर्ड करतं. सह्याद्रीवरची नाटकं, गाण्याच्या मैफली, शिवाय काकूंच्या मालिका, सगळं साठू लागलं. पण रेकॉर्डिंग दिवसाला दोन तास आणि मशीन मात्र चोवीस तास चालू.

एके दिवशी काकांनी वॅट दाखवणारा मीटर आणला. भिंतीचा प्लग आणि मशीन यांच्यामध्ये तो बसवला. आकडा आला ९२.

"बिनकामाचे ब्याण्णव!" काका खालीच बसले. ९२ वॅट गुणिले चोवीस तास म्हणजे दिवसाला सव्वादोन युनिटांच्या आसपास. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, असं काकू सांगतात. त्यांनाही लागली नाही, कारण हिशेब मोठ्यानं चालला होता.

दुसऱ्या दिवसापासून शस्त्रक्रिया सुरू झाल्या. ग्राफिक्स कार्ड काढलं, आकडा ७२ वर आला. डीव्हीडी ड्राइव्हची वायर उपटली. मग कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसवर संशय गेला. काकूंना त्यांनी तो असा समजावला : "हा ४५० वॅटचा. काम सत्तरचं. दोघांच्या वरणाला पंगतीचं पातेलं चढवलंय आपण, निम्मा जाळ पातेलंच खातंय." निम्मा ही अतिशयोक्ती होती, पण मुद्दा खरा. एवढा मोठा एसएमपीएस इतक्या कमी कामावर वीज जास्तच वाया घालवतो. लहान एसएमपीएस आला. भरभर फिरणारी ७२०० फेऱ्यांची डिस्क जाऊन ५४०० ची आली, सिस्टिम एसएसडीवर गेली. आकडा ५० झाला आणि काकांनी मजल्यावर पेढे वाटले.

त्यांच्या ज्ञानाला सीमा नाही. छत्रीच्या तोंडाशी जो एलएनबी असतो, त्यालाही वीज ट्यूनर कार्डच पुरवतं. उभ्या लहरींच्या चॅनेलसाठी १३ व्होल्ट, आडव्यांसाठी १८. हे कळल्यापासून आडव्या चॅनेलवरचे कार्यक्रम काकांना पूर्वीइतके आवडत नाहीत.

पेढा खाता खाता काकूंनी विचारलं, "वाचलं किती शेवटी?"

"बेचाळीस वॅट! दिवसाला एक युनिट!"

"हो का? तुम्ही मगाशी त्या मीटरसमोर बसला होतात ना, तेव्हा गीझर चालू होता. अर्धा तास. मीच जाऊन बंद केला."

गीझर २५ लिटरचा, २००० वॅटचा. अर्धा तास म्हणजे बरोबर एक युनिट. काकांनी मनात गुणाकार केलेला आम्हाला चेहऱ्यावर दिसला. पण गीझरमध्ये त्यांना रस नाही. गीझर म्हणजे काय, एक तार नि पाणी. त्यात उघडून बघण्यासारखं काय आहे?

"आणि एवढंच आहे तर झोपवून टाका ना त्याला," काकू म्हणाल्या. "कार्यक्रमाच्या वेळी उठेल."

बोलून त्या फसल्या. मशीनला झोपवायचं आणि बायोसमधला गजर लावून वेळेवर उठवायचं, यात काका पंधरा दिवस बुडाले. आकडा ३ वर आला. रात्री साडेनऊच्या नाटकाचा गजर लावला. आम्ही सगळे जमलो. साडेनऊ झाले, पावणेदहा झाले, मशीन घोरत पडलेलं. शेवटी सरबत पिऊन आम्ही घरी आलो.

पहाटे तीन वाजता काकूंना हॉलमध्ये घर्रर्र आवाज आला. चोर समजून त्यांनी लाटणं घेतलं. बघतात तर मशीन जागं! पंखा गरगरतोय, निळा दिवा लागलाय आणि रेकॉर्ड करायला काहीच नाही. मशीनमधलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर होतं आणि गजर काकांनी आपल्या वेळेचा लावला होता. साडेपाच तासांचा फरक. "लंडनमध्ये साडेनऊच वाजले होते," काका त्याची बाजू घेत म्हणाले. "ते वेळेवरच उठलं." काकूंनी लाटणं अजून खाली ठेवलं नव्हतं.

आता सगळं सुरळीत आहे. परवा आठच्या सुमारास मी गेलो नि म्हटलं, "काका, ते मागच्या महिन्यातलं नाटक दाखवा की. तेवढ्यासाठीच आलोय."

काकांचा चेहरा उतरला. "आत्ता? आत्ता झोपलंय रे ते." त्यांनी आवाज खाली आणला. "उठवायचं म्हणजे डिस्क फिरायला लागतानाच वीसेक वॅट जास्त ओढते. साडेनऊला उठणारच आहे."

"मग तोवर?"

"तोवर मी सांगतो ना नाटक!" आणि सोफ्यावरून उठून त्यांनी सांगायला घेतलंही, सगळ्या पात्रांसकट. नायिकेचं काम करताना पंचा डोक्यावरून घेतला. काकूंनी आतून पोहे आणले. दुसऱ्या अंकात बाप मुलीला घराबाहेर काढतो, तिथे काकांचा आवाज खरोखर भरून आला. एवढ्यात कोपऱ्यात खट् झालं.

"उठलं!" म्हणून काका मुलीला उंबऱ्यावर तशीच उभी ठेवून मीटर बघायला धावले.