पेंग्विनकाका

पेंग्विनकाका पैसे घेत नाहीत. माणूस फसतो तो इथेच. दुकानदाराला चार शब्द सुनावता येतात, "राहू द्या, दुसरीकडे दाखवतो" म्हणून लॅपटॉप काखेत मारून बाहेर पडता येतं. पण स्वतःचा स्क्रूड्रायव्हर आणि स्वतःचा चष्मा घेऊन फुकटात घरी आलेल्या सत्पुरुषाला काय म्हणणार? त्याला चहा द्यावा लागतो, पोहे द्यावे लागतात आणि मुख्य म्हणजे त्याचं ऐकून घ्यावं लागतं. एवढं सगळं झाल्यावर लॅपटॉप सुरू झालाच, तर तो बोनस.

काकांचं खरं नाव खाली पाटीवर आहे, पण ते वॉचमनलाही सांगता येणार नाही. चिंचवडच्या एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी मेंटेनन्स खात्यात काढली. मशीन बंद पडलं की रात्री-अपरात्री त्यांना बोलावणं यायचं. निवृत्तीनंतर बोलावणी थांबली आणि काकांना घर खायला उठलं. अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात टेस्टर आणि किल्ल्यांच्या जुडग्यात स्कूटरच्या किल्लीबरोबर लोंबणारे चार पेनड्राइव्ह. प्रत्येकाला कागदी टेप चिकटवून त्यावर बॉलपेनने लिहिलेलं: 'मिंट', 'डेबियन', 'उबंटू'. चौथ्यावर फक्त 'हात लावू नये'. स्कूटरवर इतर लोक 'आईवडिलांची कृपा' लिहितात, तिथे काकांनी एक गुबगुबीत पेंग्विन चिकटवलाय. बारसं त्यावरूनच झालं, आणि ते सोसायटीतल्या पोरांनी केलं.

त्यांना लिनक्स नावाच्या ऑपरेटिंग सिस्टीमचं हे वेड लागलं ते फुकट मिळणाऱ्या सीड्यांमुळे. उबंटू, मिंट, डेबियन हे सगळे लिनक्सचेच अवतार. त्यांतल्या उबंटूची कंपनी तेव्हा मागेल त्याला सीडी पोस्टाने घरपोच पाठवायची, टपालखर्चही तीच सोसायची. २०११ मध्ये हा दानधर्म बंद झाला, पण तोवर काकांनी मागवून मागवून माळा भरला होता. एका संक्रांतीला काकूंना वाण आणायला वेळ झाला नाही, तेव्हा काकांनी हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येकीच्या हातात तिळगुळासोबत एकेक सीडी ठेवली. बी विंगच्या गॅलऱ्यांतून कबुतरं हाकलायला टांगलेल्या ज्या चकत्या आज उन्हात चमकतात, त्यांतल्या निम्म्यांत आख्खी ऑपरेटिंग सिस्टीम आहे.

काकांच्या पंचांगात एकच सण पक्का, २५ ऑगस्ट. १९९१ साली त्या दिवशी हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने, आपण हौस म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम लिहितोय, फार मोठं काही होणार नाही, असं जगाला कळवलं. काका दर वर्षी त्या दिवशी पेढे वाटतात. गणपतीच्या मागेपुढेच येत असल्याने लोक प्रसाद म्हणून डोळे मिटून खातात. खाता खाता ऐकावं लागतं ते असं, की जगातले सर्वांत वेगवान ५०० महासंगणक लिनक्सवर चालतात आणि तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटातही त्याचाच कर्नल, म्हणजे गाभा, आहे. यावर कुणी "हो का?" म्हटलं तर आणखी अर्धा तास. कुणी नुसतं 'लिनक्स' म्हटलं तर काका हळूच 'ग्नू-लिनक्स' अशी दुरुस्ती करतात, कारण कर्नल टोरवाल्ड्सचा असला तरी भोवतालचा बराचसा संसार रिचर्ड स्टॉलमनच्या ग्नू प्रकल्पाने उभा केला. श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे, याबाबतीत काका महापालिकेच्या नगरसेवकांहूनही दक्ष.

विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर झालं आणि काकांच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. "लॅपटॉप भंगारात देऊ नका, मला द्या" असं सांगत ते प्रत्येक मजल्यावर फिरले. नको म्हणायला काही कारण नव्हतं, कारण ते पैसे घेत नाहीत. अशा रीतीने सेक्रेटरीसाहेबांचा लॅपटॉप मिंटवासी झाला, आणि सोसायटीचे सगळे हिशेब त्याच्यासोबत गेले.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी त्या लॅपटॉपचा कीबोर्ड बसला. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, सभेची सूचना चौदा पूर्ण दिवस आधी निघायला हवी आणि तो शेवटचा दिवस. नेमक्या त्या वेळी मी पार्किंगच्या तक्रारीसाठी सेक्रेटरींकडे गेलो होतो. तक्रार बाजूला राहिली आणि मी प्रेक्षक झालो.

"काका, कीबोर्ड मेला हो."

"मेला म्हणू नका. प्रतिसाद देत नाही म्हणा." काकांनी चप्पल काढता काढता पहिला सवाल टाकला, "काय केलंत?"

"काही नाही केलं."

काकांनी माझ्याकडे पाहून सुस्कारा सोडला. चाळीस वर्षं कारखान्यात ऑपरेटरांकडून त्यांनी हेच वाक्य ऐकलं होतं.

मग सुरू झाली तपासणी. लॅपटॉप बंद करून चालू केला. एस्केप दाबल्यावर ग्रबचा मेनू आला, बाण वरखाली फिरला. "बघा," काका म्हणाले, "लिनक्स सुरू होण्याआधी बटणं चालताहेत. म्हणजे हाडं शाबूत आहेत, दुखणं डोक्यात आहे." पुढे पासवर्डचा पडदा आला, पासवर्डही व्यवस्थित पडला. आत डेस्कटॉप उघडला मात्र, आणि सगळं ढिम्म. माउस पळतोय, खिडक्या उघडताहेत, पण अक्षर म्हणून उमटत नाही.

सामान्य माणूस इथे हबकतो. काका इथे फुलतात. त्यांनी बैठक मारली आणि आम्हाला कीबोर्डाचा इतिहास ऐकवला. लॅपटॉप कालपरवाचा असला तरी बहुतेक लॅपटॉपांचा आतला कीबोर्ड अजून आयबीएमने १९८७ साली आणलेल्या पीएस/२ पद्धतीनेच बोलतो. त्याचं बोलणं ऐकणाऱ्या कंट्रोलरचं नाव ८०४२, तो तर त्याहून जुना, १९८४ च्या पीसी-एटीमधला. आज ती चिप उरलेली नाही, पण दुसरी चिप तिचं सोंग घेऊन बसते. सोंग वठलं नाही की कर्नलचा गोंधळ उडतो. मग कर्नलला सुरू होतानाच कानात सांगावं लागतं, बाबा रे, याला आधी रीसेट कर.

"मग सांगा ना," सेक्रेटरी म्हणाले.

"सांगायचं म्हणजे टाइप करायचं."

इथे सर्वांच्या लक्षात आलं, की कीबोर्डाच्या आजारावरचं प्रत्येक औषध कीबोर्डातूनच द्यावं लागतं. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या पडद्यावर जावं, तर तेही बटणंच. काकांनी तिन्ही बटणं टिचकी मारून दाबून पाहिली. काही नाही.

"काका, दुसरा कीबोर्ड लावू या ना," सेक्रेटरींची कॉलेजातली मुलगी म्हणाली.

काकांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. "तो उपाय नाही, बाळा. ती पळवाट आहे."

काकांचं सगळं तत्त्वज्ञान या एका वाक्यात आहे. मशीन चालू झालं म्हणजे बिघाड गेला असं ते मानत नाहीत. गेला नाही, लपला. कारण सापडेपर्यंत त्यांना चैन पडत नाही आणि कारण सापडल्यावर मशीनमधलं त्यांचं लक्ष उडतं. आपल्याला लॅपटॉप हवा असतो, त्यांना बिघाड हवा असतो. एकाच टेबलाशी बसून ही दोन माणसं दोन वेगळ्या गोष्टींची वाट पाहत असतात.

मुलीने तोवर माळ्यावरून जुन्या कॉम्प्युटरचा कीबोर्ड काढला. त्याची अक्षरं पुसट झाली होती, फटींत चिवड्यातल्या मोहऱ्या होत्या. यूएसबीत खुपसला. चालेना.

सेक्रेटरींनी कपाळाला हात लावला. काका मात्र उठून उभे राहिले. "वा!" ते म्हणाले. "आतला पीएस/२ वाला, बाहेरचा यूएसबीवाला. दोघांचे रस्ते वेगळे, ड्रायव्हर वेगळे. दोघे एकाच दिवशी बिघडतील? शक्य नाही. म्हणजे ८०४२ निर्दोष!" मघाचा सारा इतिहास फुकट गेला याचं त्यांना काडीइतकंही वाईट वाटलं नाही. उलट एक संशयित कमी झाला म्हणून त्यांनी स्वतःहून दुसरा चहा मागितला.

मग त्यांनी खिशातून मोबाईल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाईल नाकाजवळ धरून एका बोटाने काहीतरी टाइप करू लागले. सोसायटीतल्या प्रत्येक लॅपटॉपवर त्यांनी एसएसएचची सोय करून ठेवली आहे, म्हणजे घरच्या वायफायवरून त्यांना आत शिरता येतं. "हे तुम्ही मला सांगितलं नव्हतं," सेक्रेटरी म्हणाले. "अडचण आली की सांगणारच होतो," काका म्हणाले. काही वेळ ओठ हलवत त्यांनी लॉग वाचला, एक छोटा प्रोग्रॅम चालवला आणि सेक्रेटरींना एकेक बटण दाबायला लावलं. प्रत्येक बटणासरशी मोबाईलवर एक ओळ पडू लागली.

"पोचतंय! दाबलेलं प्रत्येक बटण कर्नलपर्यंत पोचतंय!"

"मग सूचना का टाइप होत नाही?"

"तेच तर!" काकांचा चेहरा उजळला. इतका आनंद मुलीच्या लग्नातही त्यांच्या चेहऱ्यावर कुणी पाहिलेला नाही.

यानंतर सेक्रेटरी उठून आतल्या खोलीत गेले. अकराच्या सुमाराला घरातून काकूंचा फोन आला, काकांनी तो "लॉग वाचतोय" म्हणून ठेवला. पोहे झाले. मी माझी तक्रार मनातल्या मनात मागे घेतली.

तेवढ्यात सेक्रेटरींच्या आई आल्या. त्यांची हरिपाठाची वेळ झाली होती आणि तो त्या लॅपटॉपवरच ऐकतात, मोबाईलवर दिसत नाही म्हणून. "आजी, बिघडलाय तो," नात म्हणाली. आजींना कमी ऐकू येतं. त्यांनी खुर्ची ओढली, थरथरतं बोट एच या अक्षरावर टेकवलं आणि अक्षर दिसेपर्यंत उचललंच नाही. पडद्यावर एच उमटलं. मग ए. मग आर.

खोलीत कुणी बोललं नाही. मग काका ओरडले, "स्लो कीज!"

ही सोय नेमकी आजींसारख्यांसाठीच आहे. हात थरथरणाऱ्या माणसाचं बोट चुकून भलत्या बटणांना लागतं, म्हणून सिस्टीम क्षणभरासाठी लागलेली बोटं सोडून देते आणि रेंगाळलेलं बोट तेवढं खरं धरते. झटपट टाइप करणाऱ्याचं त्यामुळे एकही अक्षर उमटत नाही. आणि ती चालू करायला सेटिंगमध्ये जावंच लागतं असं नाही. शिफ्ट आठ सेकंद दाबून धरली तरी पुरतं.

"कुणी दाबून धरली होती शिफ्ट?" काकांनी खोलीतल्या सर्वांवर नजर फिरवली.

सेक्रेटरी दारात आले होते. आदल्या रात्री ते सूचनेतल्या थकबाकीदारांच्या परिच्छेदाशी अडले होते. नावं घालावीत की नुसते फ्लॅट नंबर, असा विचार करत तळहात कीबोर्डाच्या उजव्या कोपऱ्यावर टेकवून बसले होते. "मग एक चौकोन आला होता," ते म्हणाले, "काहीतरी इंग्रजीत विचारत होता. मी नेहमीप्रमाणे फुली मारली."

"आणि म्हणे काही केलं नाही!"

"पण काका," मुलगी मोबाईलमध्ये बघत म्हणाली, "शिफ्ट दाबून चालू होण्याची ही सोय मुळात बंद असते, असं इथे लिहिलंय. आपल्याकडे ती चालू कोणी केली?"

काकांनी चष्मा पुसला. "मी. सोय आहे, तर बंद का ठेवायची?"

पुन्हा आठ सेकंद शिफ्ट दाबली, कीबोर्ड खडखडीत चालू झाला. काकांनी आजींसाठी वेगळं खातं उघडून तिथे ती सोय कायमची चालू करून दिली, अक्षरं मोठी केली, हरिपाठ डेस्कटॉपवर ठेवला. हे सगळं कुणी सांगितलं नव्हतं. दुकानात कुणी केलं नसतं, हेही खरं. आजींनी त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला.

"चला साहेब, आता करा टाइप सूचना," काका म्हणाले.

सेक्रेटरींनी हातातला कागद दाखवला. सूचना त्यांनी आतल्या खोलीत बसून बॉलपेनने लिहून काढली होती, पन्नास झेरॉक्स मारून आणायला वॉचमनला पाठवलंही होतं.

"झेरॉक्स? का, घरचा प्रिंटर चालत नाही?"

सेक्रेटरींचा चेहरा पडला. काकांच्या आवाजातला हा बदल सोसायटीला ओळखीचा आहे. "चालतो की! उत्तम चालतो!" ते घाईने म्हणाले. पण काकांनी स्टॉलमनची कथा सुरूही केली होती: एमआयटीच्या प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा, स्टॉलमनने त्याचा सोर्स कोड मागितला, तो मिळाला नाही, आणि त्याच रागातून मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीची ठिणगी पडली.

"आमच्या प्रिंटरमध्ये काही अडकत नाही, काका!"

"अरे, परवाच नव्हता का अडकला?" आजी म्हणाल्या. हे बरं ऐकू आलं त्यांना.

"नुसता कागद होता हो, मी ओढून काढला."

"कागद उगाच अडकत नसतो, साहेब," काका म्हणाले आणि खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.