पर्जकाका

बोईसरला जुन्या कॉम्प्युटरसाठी दोन माणसं घरी येतात. एक भंगारवाला, दुसरे पर्जकाका. भंगारवाला मशीन उचलून नेतो आणि पैसे देतो. पर्जकाका मशीन जागेवरच ठेवतात, आतलं सगळं काढतात आणि पैसे घेत नाहीत. चहा घेतात.

असा एक काका प्रत्येक कॉलनीत असतो. आमचे तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल प्लांटमधून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. प्लांटमध्ये लाइन खोलायच्या आधी नायट्रोजन मारून आतला वायू हुसकावतात, त्याला पर्ज करणं म्हणतात. तीस वर्षं ते केल्यावर काकांना लिनक्समध्ये हाच शब्द भेटला आणि परगावी गाववाला भेटावा तसे ते त्याला बिलगले. "रिमूव्ह म्हटलं की प्रोग्राम जातो, पण त्याच्या सेटिंगच्या फायली राहतात," ते सांगतात. "भाडेकरू गेला, खिळे भिंतीतच. पर्ज म्हटलं की खिळेही उपटले!"

काकांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात स्कूटरची किल्ली, घराची किल्ली आणि लुबुंटू लिनक्सचा पेन ड्राइव्ह असतो. विंडोजच्या तारखा त्यांना तोंडपाठ. एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 ला सुटला, सेव्हनचा 14 जानेवारी 2020 ला, टेनचा 14 ऑक्टोबर 2025 ला. मासेमारीची बंदी उठली की सातपाटीला होड्या लोटतात, तसे यातल्या प्रत्येक तारखेनंतर काका स्कूटरला किक मारतात. एक्सपी सुटला त्याच वर्षी, 1 ऑगस्टला, ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. काकांच्या मते दोन्ही घटना एकाच जातीच्या. "मशीन जड झालं होतं," ते ठाण्याबद्दल म्हणतात.

आमच्या 2 जीबी रॅमच्या डबड्यावर त्यांनी अर्ध्या तासात लुबुंटू चढवलं. ते चालायला लागलं. दुसरा कुणी इथं उठला असता. काकांनी मात्र खुर्ची पुढे ओढली. लुबुंटू मुळातच जुन्या मशीनसाठी हलकं केलेलं, पण पोह्यांतले शेंगदाणे बाजूला काढणाऱ्याला पोहे कधीच पुरेसे हलके वाटत नाहीत.

"हे क्वासेल. चॅटिंगचं. चॅट करता?"

"व्हॉट्सॲपवर."

"म्हणजे नाही. क्यूबिटटोरंट?"

"ते काय असतं?"

"विचारलंत, म्हणजे लागत नाही."

प्रत्येक वेळी काका 'सुडो' असं पुटपुटत टाइप करायचे. आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "हे कुणावर सूड उगवताहेत?"

माझा भाचा पालघरला कॉलेजात शिकतो. तो म्हणाला, "काका, बंद पडून राहिलेला प्रोग्राम फक्त डिस्कवर जागा अडवतो. रॅम खातो तो चालू असलेला. मशीन हळू चालतंय ते फिरत्या हार्ड डिस्कमुळे आणि मामानं ब्राउझरमध्ये उघडून ठेवलेल्या वीस टॅबमुळे. एसएसडी बसवा, टॅब मिटवा."

काकांनी बशी खाली ठेवली. "बाळ, प्लांटमधली कुठली लाइन आधी सडते माहितीये? वाहती नाही. जिच्यातून काही जात नाही ती. माल आत साचतो, कुणी बघत नाही, आणि एक दिवस गळती तिथूनच."

भाचा गप्प झाला, कारण यातही तथ्य होतं. न वापरलेल्या, न पाहिलेल्या सॉफ्टवेअरमधून चोर शिरू शकतो. काकांच्या म्हणण्यात बहुधा तथ्य असतं, गडबड त्यांच्या हातात असते.

मग काकांना घड्याळाशेजारचं वाय-फायचं चिन्ह दिसलं. "तुमचं नेट तर केबलनं. मग हे कशाला?"

पडद्यावर यादी आली. यासोबत हेही निघेल, तेही निघेल, आणि त्यात चक्क 'लुबुंटू-डेस्कटॉप' असं नाव. माझ्या पोटात गोळा आला.

"घाबरू नका," काका म्हणाले, "ती नुसती टोपली. आत स्वतःचं काही नसतं, कुठले आंबे भरायचे एवढंच लिहिलेलं असतं. टोपली काढली म्हणून आंबे जात नाहीत." आणि त्यांनी 'वाय' दाबलं.

टोपलीबद्दल काका बरोबर होते. चूक आंब्यात झाली. वाय-फाय सांभाळणारा नेटवर्क मॅनेजरच केबलही सांभाळत होता. तो गेला आणि नेट गेलं. त्याला परत आणायचा तर नेट हवं, आणि नेट यायला तो हवा. काका दहा मिनिटं पडद्याकडे बघत राहिले. मग पेन ड्राइव्ह लावून त्यांनी पहिल्यापासून सगळं चढवलं. फोटो आधीच दुसरीकडे काढून ठेवले होते म्हणून वाचले. आणि क्वासेल, टोरंट, सगळी मंडळी पुन्हा हजर झाल्यावर काकांच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटला, तो बघून मला पहिल्यांदा कळलं की या माणसाला हलकं मशीन नकोच आहे. याला काढायला काहीतरी हवंय.

ही हकिगत काकूंच्या कानावर गेली. "अहो, तीस वर्षं परमिटशिवाय एक नट खोलला नाहीत," त्या म्हणाल्या, "आणि लोकांच्या घरात शिरून लाइनी तोडता?"

काका निरुत्तर झाले. प्लांटची भाषा त्यांच्यावर आजवर कुणी उलटवली नव्हती. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या खिशात एक वही आली. काय काढणार, त्यासोबत काय निघणार, मालकाची सही. दुसरा रकाना भरायला ते आता आधी 'सिम्युलेट' लावतात. काहीही न काढता काय काय निघेल याची नुसती यादी मिळते. ही सोय पहिल्यापासून होती. शिस्तीनं वापरण्याइतका धीर काकांकडे नव्हता.

परवा संध्याकाळी ते परमिट घेऊन आले. मी क्वासेलवर सही केली, टोरंटवर केली. तिसऱ्या ओळीवर होता '2048' नावाचा आकड्यांचा खेळ.

"यावर सही मिळणार नाही," आई बाहेर येत म्हणाली. "माझा 1024 झालाय."

"त्यात काय करायचं असतं?" काकांनी विचारलं.

"सारखे दोन आकडे एकमेकांवर ढकलायचे. बसा, दाखवते."

पावणेआठला काकूंचा फोन आला. "काय काढलं आज?"

"काही नाही, काकू," मी म्हटलं. "काका 128 वर अडकलेत."