मालक पुण्यात, प्लॉट कामात

यवतमाळला आमच्या लेआऊटच्या कोपऱ्यावर एक प्लॉट रिकामा आहे. म्हणजे कागदावर रिकामा. एरवी त्याच्याइतका राबलेला प्लॉट अख्ख्या लेआऊटमध्ये नाही. बांधलेल्या घरांत माणसं जेवतात, झोपतात आणि टीव्ही बघतात, बस्स. तसं पाहिलं तर मोठ्या लेआऊटमध्ये दहा टक्के जागा खुली सोडावीच लागते. आमच्याकडेही ती सोडलेली आहे. तिला तारेचं कुंपण आहे, फाटक आहे आणि फाटकाला कुलूप आहे. त्यामुळे सगळा भार या खाजगी प्लॉटवर.

पावसाळ्यात तिथं तरोटा उगवतो. कोवळा असेस्तोवर काकू मंडळी भाजीला खुडून नेतात, मग उरल्यासुरल्यावर गाजरगवत राज्य करतं. तान्ह्या पोळ्याला पोरंच ते उपटून जागा साफ करतात आणि लाकडी बैल घेऊन रांगेत उभी राहतात; ज्याचा बैल मोठा, त्याचा बाप सगळ्यांत पुढं. नवरात्रात तर विचारूच नका. कोलकात्यानंतर दुर्गोत्सव आमचाच, हे यवतमाळकर कोलकात्याला न विचारताच सांगतो. नऊ दिवस प्लॉटवर मंदिर उभं राहतं. दसरा झाला की बांबू जातात, खड्डे उरतात, आणि त्यातल्याच एका खड्ड्यात क्रिकेटचे स्टंप रोवले जातात. उन्हाळ्यात कुरडया, पापड, आणि एखाद्या लग्नाचा मांडव.

गावाला ही सवय जुनीच. २०१९ च्या जानेवारीत ९२वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन समता मैदानावर भरलं. जुनी माणसं त्याला अजून पोस्टल ग्राउंडच म्हणतात. अध्यक्ष अरुणा ढेरे; उद्घाटन केलं ते आमच्याच जिल्ह्यातल्या वैशाली येडे या शेतकरी बाईंनी. तीन दिवस तिथं कापडाचं एक गाव वसलं आणि उठलं. साहित्यिकांनी मैदानावर कायमचा हक्क सांगितला नाही, ही त्यांची त्यातल्या त्यात समजूतदार गोष्ट.

प्लॉटमालक पुण्याला असतात. वर्षातून एकदा येऊन कोपऱ्यांचे दगड मोजतात. त्यांच्याच जागेत आम्ही त्यांना खुर्ची देतो, चहा देतो. समोरच्या काकू म्हणतात, “थांबा जी, पापड उचलते, मग मोजा.” चहा अर्धा झाला की ते हळूच भाव विचारतात. त्यावर लेआऊटचं उत्तर एकमुखी असतं: “भाऊ, इतक्यात काहून विकता? वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे येऊ द्या ना!”

हे उत्तर आम्हाला बरीच वर्षं पुरलं. पण २०२४ च्या फेब्रुवारीत वर्धा ते कळंब मार्गाचं उद्घाटन झालं. कळंब इथून काही लांब नाही. त्या वर्षी मालकांनी दगड दोनदा मोजले आणि चहाला साखर कमी सांगितली. यंदा काय सांगायचं, यावर मंडळाची बैठक ठेवली आहे. अर्थात, प्लॉटवरच.