लॉग टेबल आणि लॉगिन

अकरावीला सायन्सची मुलं आयटी विषय का घेतात? संगणकाच्या ओढीने? छे! मराठी-हिंदीतून सुटका होते म्हणून. त्यात ८० मार्कांचा पेपर ऑनलाइन. क्लासच्या सरांनी 'स्कोअरिंग आहे' म्हटलं, विषय संपला.

फिजिक्सच्या लॅबमध्ये हीच मुलं लंबक हलवतात, स्टॉपवॉच दाबतात आणि मग लॉग टेबलवर बोट फिरवत अँटिलॉग हुडकतात, कारण बोर्डात कॅल्क्युलेटर चालत नाही. ग्राफ पेपरवर पेन्सिलीचे ठिपके. तास संपला की व्हरांडा ओलांडून आयटी लॅबमध्ये लॉगिन. तिथे काय, तर फॉर्म बनवा: नाव, पत्ता, मोबाइल, सबमिट. बटण निळं की हिरवं, एवढाच बुद्धीला ताण. मघाची रीडिंग्ज या मशीनच्या गळ्यात मारून आलेख काढून घ्यावा, हे टाइमटेबलात बसत नाही.

जावास्क्रिप्ट मात्र शिकवतात. एखादं उपद्व्यापी कार्टं तिला ०.१ + ०.२ किती ते विचारतं. उत्तर येतं ०.३०००००००००००००००४. "सर, हे काय?" "सिलॅबसमध्ये नाही." खरं तर गणिताच्या बाईंना बोलावलं तर पाच मिनिटांचं काम. आपला एक-तृतीयांश दशांशात जसा संपत नाही, तसा एक-दशांश द्विमान पद्धतीत संपत नाही. मशीन कुठेतरी शेपूट छाटतं. १९९१ च्या फेब्रुवारीत सौदीतल्या धाहरानला अमेरिकेची क्षेपणास्त्रं अडवणारी पॅट्रियट यंत्रणा सेकंदाचे दशांश मोजत सुमारे १०० तास चालू होती. छाटलेल्या शेपटांची बेरीज झाली सेकंदाचा एक-तृतीयांश. इराकचं स्कड क्षेपणास्त्र निसटलं, २८ सैनिक गेले. तेही सिलॅबसमध्ये नाही.

देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ तरी घ्या. चार अंकी संख्या (चारही अंक सारखे नकोत), अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी, पुन्हा तेच. फार तर सात फेऱ्यांत ६१७४. लूप शिकवायला याहून झकास प्रॅक्टिकल कुठलं? पण नाही, नाव, पत्ता, मोबाइल, सबमिट.

आता कळतंय, दोन लॅबच्या मधल्या व्हरांड्यात सोय आहे. लंबकाची रीडिंग्ज संगणकात गेली, तर अख्ख्या बॅचचे आकडे मागच्या वर्षीच्या एकाच जर्नलमधून उतरलेत, हे तो पहिल्याच फटक्यात सांगेल. तेही एक्स्टर्नलसमोर.