वारा: पूर्वेकडून (गृहीत)

विंडसॉकमध्ये कापूस भरला. गादीवाल्याला बोलावून, पिंजून, नीट ठासून. खोटं वाटत असेल तर क्लोरीन गळतीच्या मॉक ड्रिलच्या खर्चाचा तपशील बघा: मांडव, फ्लेक्स, शाल-श्रीफळ, अल्पोपाहार (150 नग), आणि त्याखाली 'विंडसॉक भरून घेणे, मजुरीसह'. या नोंदीवर लेखापरीक्षक अडखळेल असं मला वाटलं होतं. तो अडखळला अल्पोपाहारावर. हजर माणसं 112 होती.

कारण साधं होतं. ड्रिलच्या आदल्या दिवशी जलशुद्धीकरण केंद्रावर मोठे साहेब पाहणीला आले, तेव्हा वारा पडलेला होता आणि क्लोरीन रूमवरचा, वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक काठीला चिकटून लोंबत होता. तिथले व्हॉल्व्हमन त्याला 'साहेबांचा लेंगा' म्हणतात, आणि त्या दिवशी तो खरोखरच दोरीवर विसरलेल्या लेंग्यासारखा दिसत होता. फोटोत हे बरं दिसणार नाही, असं साहेबांचं मत पडलं. वारा नाही म्हणजे सुटलेला गॅस पांगणार नाही, हवेपेक्षा अडीच पट जड असल्यामुळे जमिनीलगत, नाल्यात, खड्ड्यात साचून राहील, आणि क्लोरीनच्या बाबतीत याहून वाईट वेळ नसते, एवढं सगळं त्या लोंबत्या कापडाने फुकटात सांगितलं होतं. पण साहेबांना ते ऐकायचं नव्हतं, फोटो काढायचा होता.

कापूस भरल्यावर पुढचा पेच आला तो दिशेचा. रिकाम्या विंडसॉकची दिशा वारा ठरवतो, भरलेल्याची बैठकीत ठरवावी लागते. बैठक झाली. मांडव पूर्वेला घालायचा हे आधीच पक्कं होतं; तिकडे डांबरी रस्ता आहे, गाड्या लावायला जागा आहे, निंबाची सावली आहे. आता मार्चमध्ये दुपारकडे आमच्याकडे वारा पश्चिमेचा असतो, हे गच्चीवर पतंग उडवणारं पोरही सांगेल. म्हणजे विंडसॉकचं शेपूट पूर्वेला, थेट प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीवर रोखलेलं. गॅस पाहुण्यांकडे जातोय असा त्याचा अर्थ निघाला असता, आणि ते शिष्टाचाराला धरून नाही. सबब शेपूट तारेने पश्चिमेकडे बांधण्यात आलं आणि कार्यक्रमपत्रिकेत छापलं गेलं: 'वाऱ्याची दिशा: पूर्वेकडून (गृहीत)'. पश्चिमेला कुंपण आहे, नाला आहे आणि नाल्यापलीकडे पत्र्याच्या घरांची वस्ती आहे. तिकडे गॅस गेलेला चालतो. ती वस्ती निमंत्रितांच्या यादीत नसल्यामुळे आपल्याकडे गॅस येऊन गेला हे तिला अजून कळलेलं नाही.

इतिहासात वाऱ्याला एवढा कमीपणा कोणी आणला नव्हता. 22 एप्रिल 1915 ला बेल्जियममधल्या ईप्रजवळ हल्ला करणाऱ्या फौजेने सुमारे दीडशे टन क्लोरीन शत्रूवर सोडला. नळकांडी कितीतरी दिवस आधी खंदकांत पुरून तयार होती, पण वारा अनुकूल होईना, म्हणून सगळी फौज ताटकळत बसली. संध्याकाळी वारा फिरला तेव्हा झडपा उघडल्या. माणसं मारायला निघालेल्यांनी वाऱ्याची मर्जी सांभाळली. माणसं वाचवायला निघालेल्या आमच्या विभागाने ती कार्यक्रमपत्रिकेतच छापून टाकली.

गळती 11 वाजता होणार होती. पाहुण्यांना उशीर झाला म्हणून ती 12 वाजून 20 मिनिटांवर ढकलली. तोवर प्रास्ताविक झालं, दीपप्रज्वलन झालं (क्लोरीन स्वतः पेटत नाही, पण दुसऱ्याला पेटायला मदत करतो, तेव्हा समईला आक्षेप नाही), आणि सुरक्षेचं महत्त्व सांगणारी चार भाषणं झाली. मग सायरन वाजला आणि क्लोरीनच्या रिकाम्या टनर सिलिंडरमागे लपवलेली पिवळट हिरव्या धुराची फटाकेछाप नळकांडी पेटवली गेली. इथवर सगळं पत्रिकेबरहुकूम. पण धुराने पत्रिका वाचलेली नव्हती. पडलेला वारा साडेबाराच्या सुमारास उठला तो पश्चिमेकडून, आणि धूर सरळ मांडवात शिरला. सूत्रसंचालकाने कागदावरचं वाचून दाखवलं: 'नागरिकहो, विंडसॉक पाहा आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला चला!' सूचना शंभर टक्के बरोबर होती. लोकांनी विंडसॉक पाहिला. विंडसॉक ठासून सांगत होता की वारा पूर्वेचा आहे. म्हणून प्रमुख पाहुणे, त्यांच्यामागे साहेब, साहेबांमागे उपअभियंते, त्यांच्यामागे श्रीफळाची टोपली घेतलेला शिपाई, असे सगळे ज्येष्ठताक्रमाने पूर्वेला पळाले, आणि धूरही त्यांच्याबरोबर पूर्वेलाच निघाला. ते थांबले की धूर गाठायचा, की ते पुन्हा विंडसॉककडे बघायचे, की पुन्हा पूर्वेला. उत्तरेला किंवा दक्षिणेला वळून, वाऱ्याला आडवं पन्नास पावलं चालले असते तर बाहेर पडले असते. पण अधिकृत साधनावर अविश्वास कोण दाखवणार? शेवटी मुख्य रस्त्यावरच्या रसवंतीपाशी नळकांड्यांतला धूर संपला आणि आपत्ती टळली.

मांडवात मागे राहिली ती एका शाळेतून आणलेली मुलं. ती शहाणी. त्यांना आधी शिकवल्याप्रमाणे ती तोंडाला रुमाल लावून, खाली वाकून, रांगत बाहेर आली. टाळ्या पडल्या. आगीत ते बरोबर असतं, कारण तिथे धूर वर चढतो. क्लोरीन खाली उतरतो. खऱ्या गळतीत ती पोरं गुडघ्यांवर नेमकी गॅसमधून गेली असती आणि ताठ उभी राहिलेली वाचण्याची शक्यता जास्त होती. पण मुलांनी रांगलं की फोटो छान येतो. तेवढ्यात बंबवाल्यांनी टनरवर पाण्याचा जोरदार फवारा धरला, त्यालाही टाळ्या. ओला क्लोरीन लोखंड खातो. गळत्या टनरवर पाणी मारलं की तयार होणारं आम्ल त्याच भोकाला पोखरून मोठं करतं. पाण्याचा पडदा धरायचा तो टनरपासून दूर, वाहत्या गॅसच्या वाटेवर. व्हॉल्व्हमन हे जाणतात, आणि ते त्या वेळी मांडवामागे चहाचे कप विसळत होते. खोट्या रुग्णाला स्ट्रेचरवरून आणून, प्राणवायू लावून, पाच मिनिटांत 'पूर्ण बरा' घोषित करून, त्याचाही सत्कार झाला. खऱ्या रुग्णाला असं घरी पाठवलं तर रात्री फुफ्फुसांत पाणी भरून तो परत येतो. येतो म्हणजे आणावा लागतो.

ड्रिलनंतर वाऱ्यावर जबाबदारी निश्चित करावी असा सूर निघाला. कारणे दाखवा नोटीस काढावी का, यावर आस्थापना विभागाने अभिप्राय दिला की वारा आस्थापनेवर नसल्यामुळे त्याला शिस्त व अपील नियम लागू होत नाहीत.

आस्थापनेवर नसलेला आणखी एक जीव त्या आवारात असतो. रात्रपाळीचा व्हॉल्व्हमन. ठेकेदाराचा माणूस, पगार तीन महिन्यांनी, सुट्टी घेतली की हजेरी कापलेली. ड्रिल सुरक्षा सप्ताहात, दिवसाउजेडी, अल्पोपाहारासह होते. गळती तशी होत नाही. अमेरिकेतल्या ग्रॅनाइटव्हिल गावात 6 जानेवारी 2005 ला रेल्वेची क्लोरीनची टाकी फुटली ती पहाटे पावणेतीनच्या सुमारास. 9 माणसं गेली, सुमारे 5,400 जणांना घरं सोडावी लागली. आमच्याकडेही टनरचा व्हॉल्व्ह सुटेल तेव्हा साहेबांचा फोन बंद असेल आणि 900 किलोच्या टनरसमोर हा एकटा उभा असेल. त्याने काय करायचं असतं ते त्याला ठाऊक आहे. अमोनियाची बाटली सांध्यापाशी धरायची, पांढरा धूर उठला की गळती तिथे. पातळ क्लोरीन बाहेर पडत असेल तर टनर फिरवून भोक वर आणायचं, म्हणजे नुसता वायू सुटेल; कारण एक लिटर पातळ क्लोरीनचा सुमारे साडेचारशे लिटर गॅस होतो आणि भोक खाली राहिलं तर खेळ संपला. मग ग्लँड आवळायची, शिशाचा वॉशर बदलायचा, नाहीच जमलं तर किटमधलं हूड बसवायचं. हे त्याला कोणत्याही सप्ताहात शिकवलेलं नाही. एका जुन्या फिटरने शिकवलं. तो फिटर निवृत्त झाला आणि ते पद 'व्यपगत' झालं. गेली कित्येक वर्षं मी या सदरातून एकच रडगाणं गातोय ते हेच: ज्याच्या हाताला काम येतं त्याचं पद मरतं आणि ज्याला प्रास्ताविक करता येतं त्याचं पद वाढतं. पण हे गाणं कुणाला ऐकू जात नाही, कारण सायरन वाजवायला स्वतंत्र लिपिक आहे.

आणि त्या एकट्या माणसाकडे असतं काय? अमोनियाची बाटली आहे, तिचं बूच सैल असल्याने आतला अमोनिया कधीच उडून गेलाय. पाठीवर घ्यायचे हवेचे सेट दोन. एकाच्या सिलिंडरची चाचणी उलटून गेलेली. दुसरा चांगला, तो ड्रिलच्या दिवशी प्रमुख पाहुण्यांनी फोटोसाठी चढवला, मुखवटा कपाळावर ठेवून, चेहरा दिसावा म्हणून. अर्ध्या-पाऊण तासाची हवा त्यात असते. ती फोटोत संपली आणि सेट पुन्हा भरायचं दरपत्रक अजून मंजुरीला आहे. कॉस्टिकचं काय? एक टनर निष्प्रभ करायला हजार किलोहून जास्त कॉस्टिक लागतं. भांडारात एक फुटकं पोतं आहे, त्यातलं संडास धुवायला गेलं. कापसाला मात्र त्याच दिवशी मंजुरी मिळाली. गादीवाल्याला रोख पैसे दिले हो, रोख! या माणसाला हवेचा एक सिलिंडर भरून द्यायला तुम्हाला तीन दरपत्रकं लागतात आणि चिंध्या फुगवायला खिशातून नोट निघते. लाज कशाला म्हणतात ते विचारायला गेलो तर तेही निविदेने मागवतील.

वस्तीचीही व्यवस्था आहे. प्रसिद्धिपत्रक. ते आदल्या संध्याकाळीच तयार असतं, मिनिटांची जागा तेवढी कोरी: 'गळती अवघ्या __ मिनिटांत आटोक्यात, परिस्थिती पूर्ण नियंत्रणात, नागरिकांनी घाबरून जाऊ नये.' बरं, घाबरून नाही जात. पण जायचं कुठे, तेवढं सांगाल का? वाऱ्याला आडवं आणि चढाकडे जा, नाल्याकडे उतरू नका, बाहेर पडता आलं नाही तर वरच्या मजल्यावर जाऊन दारं-खिडक्या लावा, फटींत ओली फडकी कोंबा: चार ओळींचं काम. ते कधी वस्तीच्या भिंतीवर लिहिलं गेलं नाही. लिहिलं तरी पंचाईतच, कारण पत्र्याच्या खोलीला वरचा मजला नसतो. नाल्यापलीकडे सायरन ऐकला की बायका हंडे घेऊन नळावर जातात. केंद्रावरचा भोंगा म्हणजे पाणी सुटलं अशी तिथली समजूत आहे आणि ती मोडायला आजवर कोणी नाला ओलांडलेला नाही.

1989 च्या घातक रसायनांच्या नियमांत दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल सांगितलं आहे, त्यामुळे पुढचं सप्टेंबरमध्ये. पावसाळा असल्याने आणि मागच्या खेपेला वाऱ्याने सहकार्य न केल्याने ते या वेळी सभागृहात घ्यायचं ठरलंय. तिथे एसी आहे, वारा हवा तिकडे वळवता येतो. रात्रपाळीच्या व्हॉल्व्हमनलाही आवर्जून बोलावलंय. रात्रपाळी करून थेट यायचं, सकाळी आठला. खुर्च्या मांडायला.