देव्हाऱ्यातली खुर्ची

अहो वहिनी, ऐकलंत का? जरा कुंपणाजवळ या हो, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही ही. ते काँत माहीत आहेत ना, पॅरिसचे, समाजशास्त्राचे तीर्थरूप? देवाधर्माचे दिवस भरले म्हणून गावभर सांगत सुटले होते ते! त्यांनी स्वतःच्या घरात पूजा मांडली. आणि कुणाची, विचारा! एका लाल खुर्चीची!

नाही हो, चेष्टा नाही. गुडघे टेकून बसायचे तिच्यापुढे, दिवसातून तीनदा. शेजारच्या कुणी करावं तर आपण समजून घेऊ. पण यांनी?

आता मुळापासून सांगते, नाहीतर गंमत कळायची नाही. घरचे कट्टर कॅथलिक आणि राजाच्या पक्षाचे. हे मात्र चौदाव्या वर्षीच म्हणाले, देव नाही. आईचं तोंड कसं झालं असेल! मग पॅरिसला जाऊन सँ-सिमाँ नावाच्या विचारवंतांकडे सेक्रेटरी झाले. सात वर्षं लिखाण केलं, आणि छापताना नाव कुणाचं यावरून वाजलं. पुढे त्या सँ-सिमाँनीही मरायच्या वर्षी, १८२५ साली, 'नवा ख्रिस्तधर्म' म्हणून पुस्तक काढलंच. त्यांच्या शिष्यांचं तर विचारूच नका. पाठीमागे बटणं असलेली जाकिटं शिवून घेतली त्यांनी! एकट्याला घालताच येऊ नये, दुसऱ्याला हाक मारावीच लागावी. का, तर बंधुभाव. आमच्याकडे हुक लावायला हाक मारली तर 'थांब, मॅच चालू आहे' ऐकू येतं, तो भाग वेगळा...

तर काय सांगत होते, काँत. करोलिनशी लग्न केलं ते कचेरीतलं, भटजी-बिटजी नाही. पण दुसऱ्याच वर्षी यांचं डोकं फिरलं, इस्पितळात ठेवावं लागलं. आई धावत आली आणि हटून बसली, चर्चचं लग्न लावा. पोरगं पापात राहतंय म्हणून असं झालं, हे तिच्या मनात. हो ना, आयाच त्या. मग घरातच पाद्री बोलावून विधी केला आणि नवरदेवानं सही काय ठोकली? 'ब्रुटस बोनापार्ट काँत'! करोलिनबाई तिथं उभी होती हो. तिनं काय सोसलं ते कुणी लिहीत नाही, सगळे पुढच्या बाईचीच गोष्ट सांगतात.

पुढे गडी सावरला. १८३० ते १८४२ मध्ये सहा जाडजूड खंड लिहिले. माणसाची अक्कल तीन पायऱ्या चढते म्हणे. वीज पडली की आधी म्हणायचं, देव कोपला. मग म्हणायचं, निसर्गाचीच काहीतरी गूढ शक्ती. आणि शेवटी शहाणपण आलं की वीज कशी पडते ते मोजायचं. समाजाचंही तसंच मोजूमापू म्हणाले. त्याला ते 'सामाजिक भौतिकी' म्हणत, पण बेल्जियमच्या केतले यांनी ते नाव आपल्या पुस्तकाला घातलं आणि यांचं पित्त खवळलं. म्हणून १८३९ च्या खंडात नवं नाव काढलं, सोशियॉलॉजी. निम्मं लॅटिन, निम्मं ग्रीक. आंतरजातीय लग्नच म्हणा ना. पंडितांनी नाकं मुरडली, पण नांदलं की नाही?

शेवटचा खंड निघाला त्या वर्षी करोलिन घर सोडून गेली. मग नोकरीवर गदा आली, तेव्हा इंग्लंडच्या तत्त्वज्ञ मिलसाहेबांनी ओळखीच्या श्रीमंतांकडून वर्षाची सोय करून दिली. तर हे महाशय पुढच्या वर्षीही मनीऑर्डरीची वाट बघत बसले! नाही म्हटल्यावर चेहरा असा पडला म्हणता, जणू त्यांचंच देणं थकलंय.

आणि मग आली ती. क्लोतिल्द. १८४४ सालची गोष्ट, ती एकोणतिशीची, हे शेहेचाळीसचे. तिचा नवरा सरकारी पैसे खाऊन पळालेला, आणि त्यांच्याकडे घटस्फोट नाही, म्हणजे ना सधवा ना विधवा. हे पत्रांवर पत्रं लिहितात, ती म्हणते मैत्री ठेवू, त्यापुढे नाही. भेटायला यायची तेव्हा त्या लाल खुर्चीत बसायची. हं, आता आलं लक्षात? १८४६ च्या एप्रिलमध्ये क्षयानं गेली बिचारी. मरणाच्या खाटेपाशीसुद्धा यांचं तिच्या आईवडिलांशी वाजलं. माझा हक्क मोठा की तुमचा, यावरून! शोभतं का हे?

त्यानंतर काँत ते काँत राहिलेच नाहीत. 'मानवतेचा धर्म' काढला. देव नाही, पण बाकी सगळं आहे बरं का. संस्कार नऊ, प्रश्नोत्तरांची पोथी, आणि सर्वांत वरचे आचार्य कोण? स्वतःच. मानवतेची मूर्ती कशी असावी, तर तिशीची बाई, कडेवर मूल. तोंडवळा कुणाचा ते मी सांगायला नको. आई, क्लोतिल्द आणि घरकाम करणारी सोफी, या तिघी त्यांच्या रक्षणदेवता. सोफीला तर मुलगीच मानलं. हे एक मला आवडलं, नाहीतर जिच्या हातचं रोज खातो तिची आठवण कुठल्या थोर माणसाला राहते?

कॅलेंडरही काढलं. आपल्या कालनिर्णयवाल्यांना घाम फुटेल असं. तेरा महिने, प्रत्येकी २८ दिवस, आणि एक दिवस जास्तीचा, सगळ्या मृतांसाठी. महिन्यांची नावं मोझेस, होमर, आर्किमिडीज, शेक्सपिअर... म्हणजे 'शेक्सपिअर महिन्यात मुलीचं लग्न काढलंय' असं म्हणायचं! मिलसाहेबांनी कपाळावर हात मारला. लित्रे हा पट्टशिष्य, तोही दूर झाला आणि उलट करोलिनच्या बाजूनं उभा राहिला. इंग्लंडचे हक्स्ली म्हणाले, हा तर ख्रिस्तधर्म वजा केलेला कॅथलिकपणा. खरंच ना! आईनं घरात पाद्री आणला तेव्हा वेड्यासारखी सही करणारा मुलगा, शेवटी आईचंच घर पुन्हा मांडून बसला. फक्त वरचा फोटो बदलला.

तुम्ही म्हणाल, एकाचं डोकं फिरलं, शास्त्राचा काय दोष? थांबा. काँत १८५७ मध्ये गेले आणि १८५८ मध्ये एपिनालला याच शास्त्राचे पुढचे आचार्य, दुर्खीम, जन्मले. वडील रब्बाय, आजोबा रब्बाय, पणजोबा रब्बाय. हाही तेच होणार असं घरानं धरून ठेवलेलं. त्यानं श्रद्धा सोडली, प्रोफेसर झाला, आणि आयुष्यातलं शेवटचं मोठं पुस्तक कशावर लिहिलं? धर्मावरच, १९१२ साली. ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही, पण तिथल्या आदिवासींच्या कुळचिन्हांची माहिती वाचून वाचून म्हणाला, माणसं जमली, नाचली, गायली की अंगात काहीतरी संचारतं. ते बाहेरून आल्यासारखं वाटतं, पण असते ती जमावाचीच ताकद. आपण पूजतो तो आपलाच समाज. झालं! श्रद्धाळूंची तोंडं उतरली, आमच्या देवाला समाज म्हणतो म्हणून. आणि नास्तिकांचीही उतरली, कारण धर्म ही नुसती फसवणूक नाही, असंही हाच म्हणाला. दोन्हीकडून बोलणी. पुढे १९१५ मध्ये मुलगा आंद्रे लढाईत गेला, आणि दोन वर्षांत हेही गेले. असो. तिथं काही बोलवत नाही.

जर्मनीच्या समाजशास्त्रज्ञ वेबरकडेही तेच, फक्त घोळ आईचा. आई अतिशय धार्मिक, वडील खुशालचेंडू राजकारणी. १८९७ मध्ये आईच्या बाजूनं मुलगा बापाला वाट्टेल ते बोलला, घराबाहेर काढलं, आणि काही आठवड्यांतच बाप गेला. समेट राहिलाच. पोरगं असं खचलं की कित्येक वर्षं वर्गात उभं राहता येईना. सावरल्यावर पहिलं मोठं लिखाण कशावर? कॅल्व्हिनपंथी लोक एवढे राबराब का राबतात यावर! स्वर्ग कुणाला मिळणार हे आधीच ठरलंय, आपलं नाव आहे की नाही कळत नाही, म्हणून जीव घाबरा, म्हणून काम, काटकसर, आणि त्यातून पैसा. स्वतःबद्दल पत्रात म्हणतात, धर्माचा सूर मला लागत नाही. लागत नाही म्हणता आणि जन्मभर तंबोरा हातात! आपल्या हिंदू धर्मावरसुद्धा लिहिलं, भारतात पाऊल न टाकता.

आपल्याकडे काय वेगळं झालं? मुंबई विद्यापीठात १९१९ साली समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला, १९२४ पासून मालवणचे घुर्ये तिथं. जातीवर लिहिलं ते लिहिलंच, पण भारतातल्या साधूंवरही अख्खं पुस्तक. त्यांच्या विद्यार्थिनी इरावतीबाई कर्वे तर सरळ वारीला चालत गेल्या. आणि नजर कुठं होती त्यांची? एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठे, पण पंगती वेगळ्या, तिथं! मला मेलीला वारीत असं काही दिसलं नसतं, मी चपलाच शोधत बसले असते. पण गंमत बघा, बाई टिपणं काढायला म्हणून बाहेर उभ्या राहिल्या नाहीत. पंढरपूरला जाणाऱ्यांचा तो महाराष्ट्र, असं म्हणून आल्या.

अय्या, खरं सांगायचं राहिलंच. काँतबुवांचा तो धर्म फ्रान्समध्ये कुणी फारसा धरला नाही, पण ब्राझीलमध्ये मंडळी नादावली. रिओत देऊळ बांधलं. पॅरिसला क्लोतिल्दच्या गल्लीतही त्यांचंच एक देऊळ आहे. ब्राझीलच्या झेंड्यावर ती अक्षरं लिहिलेली असतात ना, फुटबॉलच्या वेळी दिसतात ती, ती काँतांचीच. त्यांचं वाक्य तीन तुकड्यांचं होतं, आधी प्रेम, मग व्यवस्था, मग प्रगती. १८८९ मध्ये झेंडा शिवला तेव्हा व्यवस्था घेतली, प्रगती घेतली...

आणि प्रेम तेवढं गाळलं हो! त्या क्लोतिल्दच्या वाट्याचं!