जलसारथी

मोठी भरती आणि मोठा पाऊस यांनी एकच मुहूर्त साधला, हिंदमाता, गांधी मार्केट, मिलन सबवे या मुंबईच्या मामूल ठिकाणी पाणी हजर झाले, आणि शहाणी माणसे घरी फोन करून मुक्कामाची तजवीज करू लागली, की ज्या गृहस्थाचे सुप्त पौरुष एकाएकी जागृत होते, तो जलसारथी. एरवी हा मनुष्य सावधपणाचा अर्क असतो. पासबुकातील नोंदींची दरमहा रुजवात घेतल्यावाचून त्याला झोप येत नाही, आणि सिग्नल हिरवा झाल्यावरही दोन्ही बाजूंची खातरजमा केल्याखेरीज तो क्लच सोडीत नाही. परंतु रस्ता दिसेनासा झाला म्हणजे त्याला मार्ग दिसू लागतो.

त्याचे वाहन म्हणजे मारुती 800. इंजिन 796 सीसीचे, चाके बारा इंची, आणि वजन इतके बेताचे, की दोन फूट पाण्यात चाकांचा जमिनीशी संबंध संपुष्टात यावा. या गाडीचे उत्पादन 2014 साली कायमचे बंद झाले, ही वार्ता त्याने अद्याप स्वतःच्या गाडीला कळू दिलेली नाही. पुढे हिंदमातेचे पाणी साठविण्यासाठी महापालिकेने परिसरातील मैदानांखाली टाक्या बांधल्या, तेव्हा नागरिकांनी समाधान व्यक्त केले. याला मात्र आपल्या पिढीजात वहिवाटीवर गदा आल्याचे दुःख झाले.

त्याचे जलशास्त्र तीन कलमी आहे : पहिला गिअर, अर्धा क्लच, आणि आभाळ कोसळले तरी ॲक्सिलरेटरवरचा पाय काढायचा नाही. या शास्त्रात तथ्य नाही असे नव्हे. इंजिन जोरात चालते ठेवले असता धुराच्या दाबाने सायलेन्सरमधले पाणी बाहेर लोटले जाते, हे खरेच आहे. परंतु मागच्या तोंडाची अहोरात्र चिंता वाहणाऱ्या या पंडिताला इंजिनास पुढे नाकही असते याचे साफ विस्मरण होते. त्या नाकातून हवेऐवजी पाणी आत गेले, की पिस्टन ते दाबू पाहतो. हवा दबते, पाणी दबत नाही, आणि मग निमूटपणे वाकतो तो कनेक्टिंग रॉड.

खोली मोजण्याची त्याची पद्धत पाहण्यासारखी असते. समोरून पाण्यातून येणाऱ्या पादचाऱ्याच्या पायांकडे तो टक लावून पाहतो, पाणी गुडघ्यावर दिसले तर ‘बुटका आहे’ असा शेरा मारून चार बोटे वजा करतो, आणि प्रस्थान ठेवतो. शेजारी डबा आणि पर्स मांडीवर घेतलेली पत्नी, मागे पाय वर घेऊन बसलेला मेहुणा.

“अहो, पायाखाली ओलं लागतंय.”

“एसीचं पाणी असेल.”

“भावोजी, माझी चप्पल तरंगतेय.”

या दुसऱ्या पुराव्यावर निकाल देण्याचा प्रसंग येत नाही, कारण तेवढ्यात समोरून बेस्टची बस येते, तिने उठविलेली लाट बॉनेटवरून काचेवर येते, आणि इंजिन एक उचकी देऊन शांत होते. येथपर्यंतचे नुकसान पुष्कळ वेळा भरून येण्याजोगे असते. परंतु जलसारथी किल्ली फिरवतो. एकदा फिरवतो, मग ‘आता लागेल’ म्हणून पुन्हा फिरवतो. चाळीतली मुले आधीपासून कडेला उभीच असतात. ढकलण्याचा दर पाण्याच्या खोलीनुसार ठरतो, आणि या मोजमापात मात्र बुटकेपणाची सूट मिळत नाही.

गॅरेजवाला एकच प्रश्न विचारतो : “बंद पडल्यावर सेल्फ मारलात का?” विमा कंपनीचा सर्व्हेयरही जबानीत तेच विचारतो. पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करू पाहिल्याने झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही; त्यासाठी इंजिनाचा वेगळा हप्ता भरावा लागतो, आणि तो तर याने काटकसरीचा नमुना म्हणून वाचविलेला असतो.

तरीही सोसायटीच्या जिन्यात त्याची कीर्ती अबाधित राहते, ती 26 जुलै 2005 च्या आख्यानामुळे. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा तो बिनचूक सांगतो. कुलाब्याला जेमतेम 73 पडला, हे सांगत नाही. त्याची कचेरी कुलाब्यास होती, आणि ती रात्र त्याने टेबलावर फायली उशाला घेऊन काढली, ही माहिती पत्नीकडून मिळते. विजेवर चालणाऱ्या काचा आणि कुलुपे बिघडून त्या दिवशी कित्येक माणसे आपापल्या गाड्यांतच गुदमरून गेली, हा भाग आख्यानात कधीच येत नाही, आणि आला असता तर आख्यान उरले नसते.

म्हणून वाचकांस विनंती एवढीच, की पाणी चाकाच्या मध्याशी आलेले दिसताच गाडी वळवावी. तीत अडकलाच तर किल्लीस हात न लावता वेळेवर खाली उतरावे. आणि समोर पाण्याच्या मध्यावरून कोणी गृहस्थ काच खाली करून ‘या, या, काही खोल नाही’ असे हात हलवून सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी गाडीच्या मागे कोण ढकलत आहे, ते अवश्य पाहावे.